सर्व हक्क स्वाधीन

आमचे दादा संगीतकार आहेत, पण आंघोळ करताना गात नाहीत. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, डक्टमधून चाल खालच्या मजल्यावर उतरते आणि तिथल्या मुलाकडे कीबोर्ड आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर दादांनी डोंबिवलीत बसून अकरा भक्तिगीतांना चाली लावल्या. त्या सगळ्या मोबाइलमध्ये, मोबाइल कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला.

पूर्वी ते सीडी पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवत आणि शिक्क्याचं पाकीट न फोडता ठेवून देत. पोस्टमनला वाटे, घरात अबोला आहे. पाकिटाने नोंदणी होत नाही असं एका वकिलाने सांगितल्यावर दादांनी १९५७चा कॉपीराइट कायदाच वाचायला घेतला. आणि पुरा केला. आपल्याकडे लोक कायदा पाळतात किंवा मोडतात. वाचत कोणी नाही.

तेव्हापासून त्यांच्यापुढे 'तुमचं गाणं' म्हणायची सोय उरली नाही. "गाणं म्हणजे नक्की काय? शब्द ही साहित्यकृती, अर्जाचे पाचशे. चाल ही संगीतकृती, तिचे वेगळे पाचशे. ध्वनिमुद्रण तिसरंच, त्याचे दोन हजार."

शब्द मेहुण्यांचे, म्हणजे ना-हरकत पत्र मेहुण्यांचं. ज्यांना आजवर धड 'बसा' म्हटलं नव्हतं, त्यांना सहीसाठी दोनदा आम्रखंड झालं. तबलजीनेही पत्र दिलं. तिसऱ्या अंतऱ्यात कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू येते, ती मात्र वहिनींची. आणि त्या सही करायला तयार नाहीत. वर "चाल भीमपलासातली वाटते हो," म्हणाल्या.

"राग कुणाच्या मालकीचा नसतो," दादा कडाडले. "त्यातली चाल माझी!"

नोंदणी सक्तीची नाही, कृती तयार झाली की हक्क आपोआप मिळतो, असं मी म्हणून पाहिलं. "मूलही आपोआप जन्मतं. म्हणून जन्मदाखला काढत नाहीत का?" कोर्टात नोंदणीचा पुरावा कसा उपयोगी पडतो, यावर पुढे अर्धा तास गेला. दादांना कोर्टाची भीती नाही, ओढ आहे.

ही गाणी आपल्याला ऐकायला कधी मिळणार? तिथेही कायदा आडवा येतो. चालीचा हक्क दादांच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मात्र प्रसिद्ध झाल्यानंतरच्या जानेवारीपासून मोजतात. एकदा प्रसिद्ध केलं की मीटर पडलं. म्हणून दादा प्रसिद्धच करत नाहीत. नातवंडांचं नुकसान नको.

शेवटी ऑनलाइन फॉर्म चौदा भरून अर्ज दिल्लीला गेला आणि डायरी नंबर मिळाला. तो त्यांना तोंडपाठ आहे, आधारचा नाही. नंबर मिळाल्यापासून तीस दिवस कोणालाही हरकत घेता येते. ते तीस दिवस दादा नवरदेवाच्या रुबाबात वावरले. कोणी बडा संगीतकार दावा ठोकेल, एखादी कंपनी नोटीस धाडेल, पेपरात नाव येईल. खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे तर ते रोज आशेने पाहत.

एकतिसाव्या दिवशी जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला.

"एकही हरकत नाही रे," म्हणाले. "निदान तू तरी घ्यायची होतीस."