खालच्या अंगाला

(पुण्यात मुठेवरचा एक पूल. कार्तिकी एकादशी नुकतीच होऊन गेलेली. कठड्यावर पुरुषभर उंच लोखंडी जाळी. नदीत कचरा पडू नये म्हणून ती लावली. पुणेकरांनी तिच्याकडे नेमबाजीचं आव्हान म्हणून पाहिलं. जाळीशेजारी निर्माल्य कलश, कलशाशेजारी झाडूवाल्या मावशी. एक काका स्कूटरवरून उतरतात, फुगलेली पिशवी भिरकावतात. पिशवी जाळीच्या टोकाला अडकून लोंबत राहते.)

मावशी : काडू का खाली? काठी हाय माज्याकडं.

काका : काढू नका. पलीकडे ढकला.

मावशी : पल्याड म्हंजी नदीत?

काका : नदीतच. निर्माल्य आहे. वाहत्या पाण्यात सोडायचं असतं.

मावशी : वाहतं पानी दावा की मग. त्यो बगा बगळा, पायी पायी निघालाय पल्याड.

काका : जलपर्णी आहे ती. लोक हिरवळ बघायला महाबळेश्वरला जातात, आपल्याला पुलावर फुकट मिळते.

मावशी : फुकट कशी? आपल्या सांडपान्यावर पोसती ती. त्यातलं खत खाऊन माजलीया. खालच्या माशाला ना ऊन, ना वारा. तुमच्याकडं डास हायती का?

काका : विचारूच नका! सात तक्रारी केल्यात. त्यातल्या तीन लेखी.

मावशी : त्यो हितनंच येतोय.

(काठीने पिशवी खाली पाडतात, उघडतात.)

काका : अहो, उघडताय काय? देवाचं आहे.

मावशी : झेंडू. ह्यो देवाचा. नायलॉनचा दोरा?

काका : हाराचाच भाग आहे.

मावशी : थर्माकोल?

काका : मखर होतं ते. देव त्यात दहा दिवस बसला होता.

मावशी : आन ह्ये चार सेल?

काका : आरतीच्या यंत्रातले. आरतीचे, म्हणजे निर्माल्यच!

मावशी : असं म्हनलं तर तुमची स्कूटरबी निर्माल्य. दसऱ्याला हार घातला असंल तिला.

काका : हे बघा, माझी एवढीशी पिशवी तुम्हाला दिसते. अख्ख्या शहराचं मैलापाणी या नदीत येतं, ते नाही दिसत. जपानकडून कर्ज काढलं, 990 कोटींची योजना, 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं. 2016 पासून वाचतोय. कात्रणं आहेत माझ्याकडे, तारीखवार.

मावशी : खरं हाय. त्ये मोठ्यानं बोला, वर जाऊन बोला. मी बी येते संगं. पर मैला कुनाचा?

काका : शहराचा.

मावशी : शहर म्हंजी कोन?

काका : (विचार करून) मुख्यतः उपनगरं.

मावशी : मंग पेठातलं काय होतं, हवेत उडतं?

काका : मावशी, या नदीशी आमचे संबंध जुने आहेत. 12 जुलै 1961. पानशेत फुटलं, आणि ही आमच्या वाड्यात शिरली. मी सहा वर्षांचा, आजीच्या कडेवर. तांब्याचा बंब, दोन हंडे, वडिलांची सायकल, सगळं घेऊन गेली. एक वस्तू परत केली नाही.

मावशी : म्हनून थर्माकोल देताय व्हय तिला?

काका : हिशेब अजून तिच्याकडेच निघतो.

(मावशी झेंडू कलशात टाकतात. बाकीचं कठड्यावर ओळीनं मांडतात.)

मावशी : फुलाचं खत हुतंय. ह्या बाकीच्याचं काय हुतंय, ठावं हाय?

काका : वाहून जातं. एकदा पुलाखालून गेलं की गेलं.

मावशी : कुटं?

काका : खाली.

मावशी : खाली माजं माहेर हाय.

काका : अं?

मावशी : करमाळ्याकडं, उजनीच्या काठाला. तुमी हितं सोडलं की संगमाला मुळा भेटती, रांजणगाव सांडसला भीमा, फुडं उजनीचं धरण. तितं माजा भाऊ पाईप टाकून बसलाय. वरच्या अंगाला प्यायचं पानी भरायचं, खालच्या अंगाला धुनं धुवायचं, ह्ये आमच्या गावात बारक्या पोराला बी ठावं. ह्या नदीचं काय करावं, वरच्या अंगाला तुमीच बसलाय.

काका : उजनी? आमचा मुलगा जातो की भिगवणला! थंडीत, ते गुलाबी पक्षी, फ्लेमिंगो बघायला. मित्रांबरोबर. येताना तिथले मासेही... म्हणजे, आमच्या घरात चालत नाही, पण बाहेर खातो.

मावशी : आवडत्यात?

काका : बोटं चाटतो म्हणे.

मावशी : आन त्यो मासा तुमची गेल्या सालची पिशवी चाटून आलेला.

काका : त्याचं तो बघेल. मी शुद्ध शाकाहारी. माझं पाणी खडकवासल्याचं, थेट वरून. खालच्या अंगाचं काही घेत नाही मी.

मावशी : काय म्हंजी कायच न्हाई?

काका : थेंब नाही. आणि नदी मानत नाही असं समजू नका हं. हे बघा. (डिकीतून बाटली काढतात.) शेजारचे परवा कार्तिकी करून आले. चंद्रभागेचं तीर्थ. मघाशी जिन्यातच हातात दिलं. आता घरी जाऊन अंघोळीच्या पाण्यात घालणार, दोन थेंब जिभेवर.

(मावशी काही बोलत नाहीत. काठीच्या टोकानं धुळीत एक रेघ ओढतात.)

मावशी : ह्यो तुमचा पूल. ह्यो संगम. हितं भीमा. ही उजनीची भिंत. भिंतीखालनं भीमा कुटं जाती?

काका : कुठे म्हणजे... टेंभुर्णीच्या बाजूनं, पुढे पंढर...

(शांतता. काका बाटली उजेडाकडे धरतात.)

काका : तळाशी काहीतरी आहे.

मावशी : झेंडू असंल.

काका : पण चंद्रभागा वेगळी ना?

मावशी : भीमाच ती. पंढरपुरात चंद्रकोरीवानी वळती म्हनून तसं म्हनत्यात. पानी त्येच.

(काका सेल उचलून खिशात घालतात. थर्माकोल स्कूटरच्या पायापाशी ठेवतात. मग हात पुढे करतात.)

काका : ती पिशवी द्या.

मावशी : कशापायी?

काका : चांगली जाड आहे. धुऊन वापरतो आम्ही.

(पिशवीची घडी घालतात. स्कूटर सुरू करतात, बंद करतात. बाटली अजून हातातच.)

काका : मावशी, तीर्थ आहे, ओतून कसं देणार? पायाखाली यायला नको. झाडाला घालू का?

मावशी : झाडानं काय वाकडं केलंय तुमचं?