व्याह्यांचं टोकन
लग्नाचं जेवण अंगणात उभ्या केलेल्या खाण्याच्या गाड्यांवर सोपवावं, हा शहरी सल्ला औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजार गावात पोचलाच, तर आधी गणित मांडावं. डोशाला दोन मिनिटं धरली, तर एका तव्यावर सहाशे पाहुण्यांना वीस तास लागतात. अक्षता पडल्यावर एवढा वेळ फक्त फोटोवाला थांबतो. पंगतीत मात्र बुंदी, वरण-भात नि वांग्याची भाजी घेऊन भावकीतली पोरं धावतात, दोनशे पानं एका दमात उठतात. पंगतीत अन्न वाया जातं, हा आक्षेप खराच. आग्रह करणाऱ्याचा हात धरणार कोण? पण गाड्या चार लावल्या तरी पाच तास उरतातच, आणि तोवर रुसलेल्या व्याह्यांना टोकन देऊन रांगेत उभं करायची छाती या तालुक्यात तरी कुणाची नाही.