सांबार इथं फुकट मिळत नाही

वालेंसिया

ती. आई-बाबा, सा. न.

वरण शिजतंय तोवर लिहिते. पोरगी तिथं मुकी होऊन बसली म्हणून तू डोळे पुसत होतीस, असं बंडूकाकानं कळवलं. आई, मी आणि मुकी? जावयांना विचार.

पार्सल मिळालं. तूप मात्र आलं नाही. बाहेरच्या देशातून पार्सलनं दूधदुभतं आणि मांस आणायला युरोपात बंदी आहे. तूप कितीही साजूक असलं तरी दूधदुभत्यातच मोडतं. पार्सल कस्टममधून सोडवताना फोनवर एकेक जिन्नस सांगावा लागला. मुगवड्यांना "लेंतेखास सेकास", म्हणजे वाळकी डाळ, म्हटलं, ते पटलं. तिखटाला "पोल्वो रोखो", लाल पूड, म्हटल्यावर पलीकडचा माणूस एकदम गप्प! मग त्यालाच दया आली. "पिमेंतोन?" हो रे बाप्पा, पिमेंतोन! आता मेले तरी हा शब्द विसरायची नाही.

म्हणून बाबा, रोज वीस शब्द पाठ कर, हे तुमचं टुमणं आता सोडा. यादीतले शब्द संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत. मोबाइलनं तर मला आधी गेंडा शिकवला, आणि इथं कुणी अजून गेंड्याची चौकशी केलेली नाही. मी बाजारात निघताना दोन-तीन अख्खी वाक्यंच तोंडात घोळवत जाते: अर्धा किलो द्या, हे तिखट आहे का, काल तर स्वस्त होतं. ती वापरल्याशिवाय परतायचं नाही. दोन दिवसांनी पुन्हा तीच, मग आठवड्यानं. भाजीवाल्या बाई चुका सुधारतात, फी घेत नाहीत. आणि "मला आवडतं"ला इथं "मे गुस्ता". रचना अगदी आपलीच, तिथं इंग्रजीवाले गडबडतात आणि आपण सुटतो. पुण्याच्या शेजारणीला "पताता" आयता मिळाला, ती बटाटा म्हणते ना! आपण आलूवाले, मला शिकावा लागला. वांग्याला बेरेंखेना म्हणतात. ते नाव भारतातूनच फारसी-अरबी करत इथवर पोचलंय, पण भरीत कसं करतात ते वाटेत विसरलं.

आता भाव ऐक आणि आधी खाली बस. सांबाराची (शेजारीण कोथिंबीर म्हणते) मूठभर जुडी दीड युरो! म्हणजे दीडशे रुपयांच्या वर. दारव्ह्याच्या बाजारात मावशी भाजीवर फुकट टाकायची ते सांबार! मी त्या बाईंना म्हटलं, आमच्याकडे याचे पैसे मागितले तर भांडण होतं. तेवढं मला सांगता आलं. त्या हसल्या आणि पेरेखील नावाच्या पाल्याची जुडी पिशवीत टाकली, फुकट. इथं तीच रीत आहे. दिसायला सांबाराची सख्खी बहीण. घरी येऊन नाकाला लावली, तर तो वासच नाही गं. तशीच ओट्याशी उभी राहिले. माझा पिंकू आला. शाळेत तो स्पॅनिश बोलतो, वर वालेंसियन शिकतो, संत्र्याला एकीत नारांखा म्हणतो, दुसरीत तारोंजा. पण मला बघून म्हणाला, "काऊन रडून राह्यली वं?" अजूनच रडले.

असो. मोठ्या वहिनीनं भिशीचा नंबर पुन्हा आपल्याच बहिणीला काढला, यात मला काही नवल वाटलं नाही. चिठ्ठ्या यापुढे आजीला उचलू दे, तिला वाचताच येत नाही. बंडूकाकाला सांग, शकुंतला रेल्वे पुन्हा सुरू होणार हे तो दर दिवाळीला सांगतो. या वेळी तारीख सांगितली तरच ऐकेन. त्या नागपूरच्या स्थळाला नाही म्हटलं ते बरं केलं. चहाला बोलावलं तेव्हा मुलगा फोनमधून मान वर काढत नव्हता म्हणे.

बाबा, कापसाला इथं अल्गोदोन म्हणतात. नाव भारी आहे, भाव तुम्ही कळवा. आणि या भावात घालायचा नसेल तर घरात भरून ठेवू नका, मागच्या वर्षी त्या खोलीत झोपून तुम्हाला महिनाभर खाज सुटली होती.

पुढच्या पार्सलात तूप नको. धने टाक. पेरून बघते, बाल्कनीत ऊन बख्खळ आहे.

तुमची,
बेबी