गच्चीची निगा : कुटुंबप्रमुखांसाठी नियमावली

प्रस्तुत नियमावली बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील स्लॅबच्या घरांना लागू आहे. पुणेकरांना ती लागू नाही, कारण त्यांची गच्ची सोसायटीची असते आणि तिच्या कुलपाची किल्ली सेक्रेटरीकडे असते. आमच्याकडे सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस येतो, वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर. त्यामुळे आपल्याला गच्ची आहे आणि ती गळते, हे कुटुंबप्रमुखाला थोडेच दिवस आठवते. एरवी तिथे अडगळ राहते.

नियम पहिला. माणूस बोलावण्याआधी गच्ची रिकामी करावी. हा नियम लिहायला सोपा आहे. प्रत्यक्षात त्यासाठी घरातल्या तात्यांशी बोलावे लागते. प्रत्येक घरात एक तात्या असतात. आमच्या घरी ते माझे चुलते आहेत. त्यांच्या ताब्यातील ऐवज असा : ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, जळालेल्या पाणबुडी मोटारीची केबल, सोलरच्या फुटलेल्या नळ्या (न फुटलेल्याही दोन आहेत, पण कुठल्या ते पाहावे लागेल), बाजेचे तीन पाय, उरलेल्या फरशीच्या पेट्या आणि जुन्या वाड्याच्या तुळईचा एक तुकडा. यातले काहीही उचलले की जिन्यातून आवाज येतो, ‘‘राहू दे रं, लागंल कवातरी.’’ या वाक्याला उत्तर नाही. शिवाय मागच्या वर्षी चौथा पाय खरोखरच लागला होता.

सामान हलवता येत नसेल तर निदान विटांवर उचलून ठेवावे, म्हणजे खालून पाणी वाहील. ओले गोणपाट आणि साचलेला पाला जिथे महिनोन्‌महिने बसून राहतो, तिथेच कोबा आधी कुजतो. ओल छताला कुठे दिसते यावर जाऊ नये. पाणी शिरते एका कोपऱ्यात आणि टपकते देवघरात.

नियम दुसरा. वरच्या मजल्यासाठी सोडलेले गज झाकावेत. आपल्या दोन्ही तालुक्यांत क्वचितच एखादे घर पूर्ण झालेले असते. प्रत्येक घराच्या डोक्यावर खांबांचे गज उभे असतात, कारण वरचा मजला ‘पुढच्या वर्षी’ चढवायचा असतो. ही पुढची वर्षे गंजतात, गंज गजाबरोबर खांबात उतरतो आणि पाण्याला वाट मिळते. गजांना सिमेंटचा दाट घोळ फासावा किंवा कमी सिमेंटचे काँक्रीट भरून ते झाकून टाकावेत; मजला चढवायच्या वेळी फोडता येते. आमचे गज अजून उघडे आहेत. तात्या त्यांना वाळवणाची दोरी बांधतात आणि मजला माझ्या मुलासाठी आहे म्हणतात. मुलगा हिंजवडीत फ्लॅट बघतोय, हे त्यांना कोणी सांगायचे यावर घरात एकमत झालेले नाही.

नियम तिसरा, वेळ. चैत्र-वैशाखात गच्ची काकींची असते. कुरडया, सांडगे, पापड वाळत असताना कारागिराला वर पाठवणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पाठवावे. म्हणून सगळे जण ‘मेअखेर बघू’ म्हणतात. मे २०२५च्या शेवटच्या आठवड्यात ज्यांनी असे बघायचे ठरवले होते, त्यांनी पिंपळी-लिमटेकजवळ फुटलेला निरा डावा कालवा बघितला. काम फेब्रुवारीत उरकावे.

नियम चौथा, माणूस निवडणे. एक प्रकार भिंतीवर रंगवलेला असतो : ‘गळती बंद, दहा वर्षे गॅरंटी’ आणि खाली मोबाइल नंबर, त्यातला शेवटचा आकडा पावसात गेलेला. दुसरा मेहुण्याच्या ओळखीचा. तो स्वस्त पडतो आणि त्याला बोलता येत नाही. तिसरा पाण्याच्या दाबाचे मशीन घेऊन येतो, ते पाहायला शेजारचेही वर येतात. तिघांचीही तपासणीची पद्धत एकच. खालच्या खोलीत उभे राहून छताकडे पाहायचे, बोटाने टकटक करायची, जीभ टाळ्याला लावून च्च करायचे.

‘‘केमिकल मारावं लागंल.’’

‘‘कसलं केमिकल?’’

‘‘चांगलं.’’

इथे कुटुंबप्रमुखाने न लाजता विचारावे. उतार कुठे देणार? साधारण शंभर फुटांना एक फूट तरी हवा. कठड्याच्या बुडाशी गोलसर वाटा काढणार का? गच्ची तिथेच सगळ्यात जास्त दगा देते. जुना कोबा ठोकून पोकळ आवाज येईल तिथला फोडणार, की त्याच्यावरच लिंपणार? चायना चिप्सची गच्ची असेल तर ॲसिड मुळीच मारू देऊ नये. ॲसिडचा फेस येतो, पैसे वसूल झाल्यासारखे वाटते, पण ते फरशीच्या तुकड्यांमधले सिमेंट खाते आणि पुढच्या पावसात तुकडे सुटे होतात. खराटा, ताठ ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते. मशीन वापरायचेच तर लांबून, नाहीतर मळाबरोबर सांधेही धुऊन जातात.

नियम पाचवा. पैसे पाणी साठवून पाहिल्यावरच द्यावेत. पाण्याच्या वाटा चिंधीने बुजवून दोन-तीन इंच पाणी भरावे, दोन दिवस तसेच ठेवावे आणि खालच्या खोलीत छत न्याहाळत फिरावे. स्लॅब जुना असेल तर आधी जाणकाराला विचारावे, पाण्याचेही वजन असते. आमच्याकडे ही चाचणी तात्यांनी थांबवली. एवढ्या पाण्यात मका भिजला असता, असे त्यांचे म्हणणे होते. कारागीर खूश झाला आणि लगेच गेला.

नियम सहावा. टाकी वर्षातून दोनदा धुवावी, तळाचा गाळ उपसून. झाकण ठेवावे. पुढे जाऊ.

नियम सातवा, पक्षी. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पाहायला पुण्या-मुंबईहून गाड्या भरून लोक येतात. आमच्या गच्चीवर पारवे येतात आणि त्यांना पाहायला कोणी येत नाही. विष्ठा वाळली की ओली करूनच खरवडावी, नाकाला फडके बांधून. पाचटाची काजळीही तशीच : गाळपाच्या दिवसांत रात्री रान पेटले की सकाळी पांढऱ्या धोतरावर दिसते. ती आधी कोरडीच झाडावी, पाणी टाकले की शाई होते.

नियम आठवा. कठड्यात पिंपळ उगवल्यास तो नुसता छाटू नये, वाढतो. बोटभर असतानाच मुळासकट काढून फट बुजवावी. कोणी काढायचा हा प्रश्न स्वतंत्र आहे. आमचा पिंपळ तात्यांनी नमस्कार करून उपटला आणि कालव्याच्या कडेला लावून आले.

या माणसाचे गच्चीज्ञान कुठून आले ते सांगणे नियमावलीत बसत नाही, तरी सांगतो. त्यांचे लहानपण धाब्याच्या घरात गेले. तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पाला, त्यावर माती. मृगाआधी दरवर्षी वर पांढरी माती पसरायची, चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. मातीच्या छपराला कोणी दहा वर्षांची गॅरंटी देत नसे, म्हणून घरातले कोणीतरी दरवर्षी वर चढायचे. त्यामुळे भिंतीवरच्या त्या नंबराला तात्यांनी आजवर फोन केलेला नाही. मी करतो, ते खालून हसतात.

आषाढात मात्र ते कोणालाच बोलावत नाहीत. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे निघायच्या आधी चार दिवस ते स्वतः गच्ची घासतात. ऐवज एका कोपऱ्यात जातो, वर ताडपत्री चढते, कारण वारकरी वर झोपतात. वर्षातून तेवढीच एकदा आमची गच्ची फोटो काढण्याजोगी असते. उरलेल्या अकरा महिन्यांचे काय, असे मी विचारले होते. ‘‘अकरा महिनं कोन झोपतंय तिथं?’’ हे उत्तर तर्काला धरून आहे आणि तेच मला सोसत नाही.

नियम शेवटचा आणि खरे तर एकमेव. पाण्याच्या वाटेची जाळी साफ असावी. लिंबाचा मूठभर पाला अडकला की चांगल्यातले चांगले केमिकलही तळ्यात उभे राहते. पहिल्या वळवाला, रात्री कितीही वाजता, कोणीतरी बॅटरी घेऊन वर जावे. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेला माणूस जातो, भिजतो, खोकतो आणि दुसऱ्या दिवशी ‘मी कुठं गेलो’ म्हणतो. जिन्याला कठडा बसवून घ्यावा. जाळी प्लास्टिकची घेऊ नये, उन्हाने दोन उन्हाळ्यांत तडकते. बिडाची घ्यावी. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तात्यांना किंमत निम्मीच सांगावी.