उन्हाळी काका

शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिल-ऑरोराच्या पट्ट्यात, मराठी काका उतरू लागतात ते एप्रिल संपता संपता. पाच-सहा महिन्यांचा मुक्काम, दोन बॅगांत मिळून ४६ किलो सामान, त्यातली निम्मी भाजणी. मे महिना झोपेचं चक्र ताळ्यावर येण्यात, नातवाला रामरक्षा शिकवण्याच्या फसलेल्या मोहिमेत आणि ‘इथं रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही’ हे वाक्य रोज नव्याने म्हणण्यात जातो. जूनमध्ये गावोगावच्या पार्कांत संध्याकाळच्या फुकट मैफली सुरू होतात, आणि निवृत्तीनंतर प्रथमच काका ड्यूटीवर रुजू होतात.

काका एक नसतात. दर उन्हाळ्याला नवी तुकडी येते. कोणी स्टेट बँकेतले, कोणी एलआयसीतले, कोणी झेडपीतले. मी इथे ज्यांना डोळ्यांसमोर ठेवलंय ते महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून निवृत्त झालेले. बाकीच्यांचे गुणदोष मी त्यांच्याच खात्यावर जमा करतो आहे. त्यांची हरकत नसावी. महापालिकेत असं बरंच काही दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत असतं, हे त्यांनीच मला सांगितलंय.

मुलगा म्हणाला, “बाबा, आज पार्कात कॉन्सर्ट आहे. फुकट आहे.”

काकांनी पेपर खाली ठेवला. “फुकट ते कळलं. पास कुठे मिळतात?”

“पास नाहीत. नुसतं जायचं.”

“नुसतं कसं जायचं?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. आपल्याकडे फुकट कार्यक्रमाइतका आत शिरायला अवघड कार्यक्रम दुसरा नसतो. तिकिटाचा कार्यक्रम सोपा. पैसे टाकले की झालं. पण दिवाळी पहाटेच्या सन्मानिका! त्या सकाळी सातला वाटायला काढतात आणि सातच्या आधीच संपलेल्या असतात. मग संपर्क कार्यालयातला पोऱ्या, मंडळाचा खजिनदार, नाट्यगृहाच्या बुकिंग खिडकीतला जुना शेजारी, अशी साखळी लागते. काकांची ही साखळी नोकरीच्या सगळ्या वर्षांत जोडलेली. पाचव्या रांगेच्या मागे ते कधी बसलेले नाहीत. गाणं कसं झालं यापेक्षा ‘निमंत्रितांसाठी राखीव’ लिहिलेल्या खुर्चीवरचा तो कागद अलगद उचलून खिशात टाकण्यात जी मजा आहे, ती त्यांच्या लेखी मैफलीचा आलाप, बंदिश आणि तराणा सगळं काही असते.

आणि इथे? फाटक नाही. दारावर कोणी नाही. दीपप्रज्वलन नाही, पुष्पगुच्छ नाही, प्रमुख पाहुणे येईपर्यंत ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ नाही. साडेसात म्हणजे साडेसातला बँड वाजायला लागतो. काकांनी पहिल्या दिवशी गाडीत बसताना मुलाला विचारलं, “ज्या कार्यक्रमाला कोणालाच अडवत नाहीत, तिथं आपण आत गेलो याला अर्थ काय?” मुलाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

पण हार मानतील तर ते काका कसले. पास नाही म्हणता? मग जागा तर आहे! रमणबागेच्या मैदानावर ‘सवाई’च्या भारतीय बैठकीत सतरंजीचा एक कोपरा फेकून सात माणसांची जागा धरण्याचं शिक्षण ज्याने घेतलंय, त्याला अमेरिकेची हिरवळ ती काय! दुसऱ्या खेपेपासून काका चारलाच निघू लागले. हातात घडीच्या दोन खुर्च्या, काखेत सोलापुरी चादर, खांद्यावर थर्मास. जागेची निवड शास्त्रशुद्ध: स्पीकरपासून इतकी लांब, मेपलच्या सावलीत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि बाथरूमपासून चालत दोन मिनिटांवर. शेवटची अट पहिली आहे.

इथली मंडळी दुपारीच आपापल्या खुर्च्या मांडून चक्क घरी निघून जातात. खुर्ची कोणी उचलत नाही, चार इंच पुढे सरकवतसुद्धा नाही. हे काकांना अजून पटलेलं नाही. ते राखण करत बसतात. भर उन्हात, शंभरेक रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये, डोक्यावर ओला नॅपकिन ठेवून एकटे काका. माझी गाडी तिथून जाते तेव्हा ते हात वर करून मला खुणावतात: आपली जागा आहे. जागा आहे हे सांगायची गरज नसते. आजूबाजूला सहा एकर जागाच असते.

याच सुमारास घरपट्टीचं बिल त्यांच्या हाती लागलं. इलिनॉयमध्ये या बिलावर पैसे कुठे जातात त्याची जंत्रीच छापलेली असते: शाळांना इतके, वाचनालयाला इतके, अग्निशमनाला इतके, आणि पार्क डिस्ट्रिक्टची स्वतंत्र ओळ. दुसरी माणसं कुंडली वाचतात तसं काकांनी ते बिल वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

“अरे, फुकट कसलं? आपण पैसे भरलेत!”

त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला. पाहुणे म्हणून जात होते ते आता करदात्याचे वडील म्हणून जाऊ लागले. मैफलींची संख्या काढली, पार्क डिस्ट्रिक्टच्या आकड्याला तिने भागलं, घरातल्या डोक्यांनी पुन्हा भागलं, आणि निष्कर्ष काढला की सून जितक्या वेळा घरी राहील तितकं कुटुंबाचं नुकसान. (त्या आकड्यात गवत कापणं, तरणतलाव आणि पोरांचं सॉकरही येतं, हे मी सांगून पाहिलं. ते सोयीस्करपणे कमी ऐकू येण्याचं वय आहे.) मुलगा म्हणाला, मला संध्याकाळी मीटिंग आहे. काका म्हणाले, “मीटिंगचे पैसे तुला कंपनी देते. याचे तू दिलेत.” मुलगा कानात यंत्र घालून, हिरवळीवर बसून, कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला हजर राहिला. मागे ट्रॉम्बोन वाजत होता. कंपनीत कोणाला काही वेगळं वाटलं नाही म्हणतात.

आता संगीताकडे यायला हवं. काका लगेच आले नव्हते, म्हणून मीही आलो नाही.

पार्कात बहुतेक वेळा ‘ट्रिब्यूट बँड’ येतात. म्हणजे एखाद्या गाजलेल्या जुन्या बँडची गाणी तशाच्या तशी, तसेच केस आणि तसेच चकचकीत कपडे घालून म्हणणारे. काकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. गणेशोत्सवात ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ आणि ‘व्हॉइस ऑफ रफी’ ऐकत ज्याची जवानी गेली, त्याला ‘व्हॉइस ऑफ एल्व्हिस’ काय जड! गाणी कळत नसत, पण सुराला पक्का आहे की नाही हे कळे. नाहीतर ते मान हलवून “ओरिजिनल नाही” म्हणत. ओरिजिनल त्यांनी ऐकलेला नव्हता.

दाद मात्र अस्सल आपली. गिटारवाला एखादी अवघड जागा घेऊन नीट बाहेर आला की काकांचा हात हवेत आणि तोंडून “क्या बात है!” सुरुवातीला पुढचे लोक वळून पाहत. जुलै लागेपर्यंत पुढच्या रांगेतला एक धिप्पाड निवृत्त फायरमन योग्य जागी “क्याबाटे!” म्हणू लागला होता. त्याची जागा काकांपेक्षा बरोबर पडायची, हे काकांसमोर कोणी बोललं नाही.

काकू या काळात काय करत होत्या? विणत होत्या. शेजारच्या खुर्चीतली आजीबाईही विणत होती. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता, आणि महिन्याभरात त्या आजीबाईच्या धाकट्या सुनेचं सासूशी का पटत नाही याची तपशीलवार हकिकत काकूंना ठाऊक होती. काका विचारत, तुला कळलं कसं? काकू म्हणत, त्यात कळायचंय काय.

नेपरव्हिलची खरी शान म्हणजे तिथला म्युनिसिपल बँड. १८५९ पासूनचा, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्याही आधीचा. उन्हाळ्यात गुरुवारी संध्याकाळी गावातल्या सेंट्रल पार्कात वाजवतो. ‘म्युनिसिपल’ म्हटल्याबरोबर काकांच्या छातीत काहीतरी भरून आलं. खात्यातली माणसं वाटली. दर उन्हाळ्यात एका संध्याकाळी हा बँड चायकोव्हस्कीचं ‘१८१२’ ओव्हर्चर खऱ्याखुऱ्या तोफा उडवून वाजवतो. त्या दिवशी काका तीनलाच हजर.

ही रचना नेपोलियनला रशियातून परत फिरावं लागलं त्याच्या आठवणीसाठी १८८० साली लिहिलेली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याशी तिचा सुतराम संबंध नाही. पण १९७४ साली चार जुलैला बॉस्टनच्या नदीकाठी ऑर्केस्ट्रा-संचालक आर्थर फीडलर यांनी ती तोफा आणि आतषबाजीसकट वाजवली, आणि तेव्हापासून तिच्याशिवाय अमेरिकेचा चार जुलै साजरा होईनासा झाला. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, “म्हणजे जिंकला रशिया, हरला फ्रान्स आणि फटाके यांचे. चालायचंच. आपल्याकडे वरातीत नागीण वाजवतात. नवरदेवाचा आणि सापाचा काय संबंध असतो?” मूळ स्वरलिपीत तोफेचे १६ बार आहेत. काकांनी बोटांवर मोजले. एक बार मात्रेच्या मागे पडला, असा त्यांचा शेरा. “समेवर यायला हवी होती. पण सरकारी तोफ आहे, इतकं चालायचं.”

ऑगस्टमध्ये मोहीम शहरात गेली. शिकागोच्या मिलेनियम पार्कात ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल भरतो. १९३५ साली, मंदीत वादकांच्या हाताला काम मिळावं आणि लोकांना खिशात हात न घालता ऐकता यावं म्हणून सुरू झालेला, तो अजून फुकट आहे. पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रा, कोरस, सगळं. फ्रँक गेरी या वास्तुकाराने बांधलेला मंच २००४ मध्ये खुला झाला: पोलादी पत्र्यांच्या उलगडलेल्या झिरमिळ्या, आणि हिरवळीच्या डोक्यावर नळ्यांची आडवीतिडवी जाळी. स्पीकर त्या जाळीला टांगलेले, म्हणजे मध्ये खांब नको. आणि लांबच्या स्पीकरांतला आवाज क्षणभर उशिरा सोडतात, म्हणजे तो मंचावरून येणाऱ्या आवाजाच्या आधी कानात घुसत नाही.

काकांना यातलं काहीच भिडलं नाही. भिडली ती दुसरी गोष्ट. सरोवराकाठची ही जमीन कायम मोकळी राहावी असं १८३६ च्या नकाशावरच लिहून ठेवलेलं. पुढे माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने त्या ओळीच्या जोरावर २० वर्षं खटले लढवून इथे इमारती होऊ दिल्या नाहीत. मग हा एवढा उंच मंच कसा उभा राहिला? तर कागदोपत्री ती इमारतच नाही. ती कलाकृती आहे!

काका उभेच राहिले. वर पाहिलं, खाली पाहिलं. आयुष्यभर गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला ‘तात्पुरतं छत’ आणि पार्किंगमधल्या दुकानाला ‘देवघर’ म्हणून आलेले अर्ज त्यांनी हाताळले होते. पण ‘कलाकृती’ हा मार्ग कोणाला सुचला नव्हता. “फाइल कोणी पुट अप केली असेल रे?” ते म्हणाले. एवढ्या आदराने त्यांनी भीमसेनांचंही नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि इथेच, या पार्कात, त्यांना हरवलेली गोष्ट सापडली. मंचासमोरच्या पक्क्या खुर्च्यांपैकी पुढच्या काही सदस्यांसाठी राखीव असतात. राखीव! काकांचे डोळे चमकले. त्यानंतर ते दुपारी तालमीला जाऊ लागले. तालमीही खुल्या आणि फुकट. तालमीला येणाऱ्या म्हाताऱ्यांत एक जण सदस्य निघाला. काकांनी त्याला भडंग दिलं, पुढच्या वेळी अळूवडी, त्याच्या पुढच्या वेळी गुडघ्यासाठी महानारायण तेल. मग एका शुक्रवारी त्याच्या बायकोला यायला जमलं नाही.

काका त्या संध्याकाळी इस्त्रीचा झब्बा घालून पुढे बसले. मागे वळून त्यांनी एकदा हिरवळीकडे पाहिलं. आम्ही सगळे चादरीवर होतो. त्यांनी ओळख दाखवली नाही. ऑर्केस्ट्रा सुरू झाल्यावर सातव्या मिनिटाला त्यांना जी झोप लागली, ती टाळ्यांनी मोडली. काय वाजवलं, विचारल्यावर “मोठं होतं” म्हणाले. सीट नंबर मात्र रांगेच्या अक्षरासकट त्यांनी पुण्याला तीन ग्रुपवर कळवला.

शेवटची रचना पुरी ऐकायची पद्धत त्यांच्यात नाही. भैरवी लागली की चपला शोधायच्या, शेवटची लोकल गाठायची, हे हाडात मुरलेलं. इथे चपला पायातच असतात आणि युनियन स्टेशनवरून पुढची गाडीही असते. तरी शेवटच्या चार मिनिटांत काका उठून डबे भरू लागतात. डब्याचं झाकण आणि झांजा एकदमच वाजतात.

परतीचं तिकीट सप्टेंबरचं. दोन गल्ल्या पलीकडे नागपूरचे एक काका नव्याने आले होते. आमच्या काकांनी त्यांना रीतसर चार्ज दिला. फुलस्केपवर, अनुक्रमांक घालून, खाली दोघांच्या सह्या. मेपलखाली मुंग्या. गवतावरचे फवारे अवेळी उडतात, चादर उचलून तयार असावे. तपकिरी कुत्र्याच्या मालकाशी बोलू नये, कुत्र्याशी बोलावे. फायरमनची दाद ग्राह्य धरावी. पूर्वेच्या बाकाजवळची जागा घेऊ नये. तिथे विजयवाड्याचे एक काका दुपारी दोनपासून बसलेले असतात, त्यांच्याकडून मिरची भजी येतात, संबंध बिघडवू नयेत.