पॉलच्या घरात काय शिजत होतं!

अहो, जरा कुंपणापाशी या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. ऐकलंत का त्या पॉलचं? तोच हो, 'ड्यून' कादंबरीतला. सम्राट झाला तोवर सगळ्यांनी डोक्यावर घेतला. आणि 1969 साली लेखक हर्बर्टनं पुढचा भाग, 'ड्यून मसाया', काढला नि वाचकांची तोंडं ही एवढीशी झाली!

सगळ्यात आधी बिनसलं ते कॅम्पबेल संपादकांचं. पहिल्या कादंबरीला आपल्या 'ॲनालॉग' मासिकात केवढं मानाचं पान वाढलं होतं त्यांनी! हा भाग मात्र साफ परत. म्हणे, आमच्या वाचकाला हिरो हवा, हिरोची अशी दशा नको. मग 'गॅलेक्सी' मासिकानं क्रमशः छापला. 

 आता आमच्या भाऊजींचंच बघा. 2024चा सिनेमा बघून आले आणि हौसेनं 'ड्यून मसाया' घेतलं. अर्ध्यातच आपटलं! "वहिनी, लढाई कुठाय? सगळे नुसते खोलीत बसून कट करतायत!" तर पुतणी फाडकन म्हणाली, "काका, लढाई झाली की दोन्ही भागांच्या मधल्या 12 वर्षांत. पॉलच्या नावानं 61 अब्ज माणसं मेली. तोच सांगतो की, हिटलरचं नाव काढून." भाऊजींचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही!

आणि बोअर काय म्हणता? अहो, ती इरुलान! पॉलची लग्नाची बायको, पण नवरा खोलीकडे फिरकत नाही. त्याचा सगळा जीव त्या दुसरीत, चानीत. मग हिनं काय करावं? सवतीच्या जेवणात मूल न होण्याचं औषध! तेही वर्षानुवर्षं! चानीनं वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचं जुनं पथ्य धरलं तेव्हा कुठे ते थांबलं. आणि अजून जवळ या… पॉलला हे माहीत होतं! पुढचं दिसायचं ना मेल्याला. बाळंतपणात चानी जाणार हे कळत होतं, म्हणून गप्प. वर मनातून इरुलानचे उपकार! आता ह्याला हिरो म्हणायचं की… तुम्हीच सांगा.

लोक म्हणतात, हर्बर्टनं फसवलं. कसलं फसवलं? ह्यातले काही भाग त्यानं पहिलं पुस्तक पुरं व्हायच्या आधीच लिहून ठेवले होते. महापुरुषाच्या मागे डोळे मिटून जाऊ नका, हेच तर त्याला सांगायचं होतं. लोकांनीच अर्ध्या लक्षानं वाचलं नि टाळ्या पिटल्या.

भाऊजींना म्हटलं, आता 1976चं 'चिल्ड्रन ऑफ ड्यून' घ्या. त्यात चानीची जुळी आहेत, आणि त्यांची ती आत्या, आलिया… अगबाई, तिचं नाही कळलं तुम्हाला? अंगात येतं हो तिच्या! आणि येतं कोण, तर तिच्याच आईचे वडील. लहानपणी हिनंच मारलेले!