सरोजिनी नगरचा धबधबा

लखनौच्या सरोजिनी नगरात धबधबा नाही. असायचं काही कारणही नाही. कानपूर रस्त्यावरची वस्ती, शेजारी अमौसीचा विमानतळ, जवळच ट्रान्सपोर्ट नगरातल्या ट्रकांच्या रांगा. समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण १२० मीटर, तीही चहूकडे सारखीच. पाण्याला पडावंसं वाटलं तरी पडणार कुठून?

नेमकं इथेच आमच्या दाजींना धबधब्यांचे फोटो काढायचं वेड लागलं.

माणूस मूळचा पुण्याचा. ऐन पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटातून मुंबईला जायचे, दोन्ही अंगांनी डोंगर धो धो गळत असायचा आणि दाजी खिडकीची काच ओढून घोरत असायचे. कर्जतला वडा आला की तेवढ्यापुरते जागे व्हायचे. बदली होऊन लखनौला आले आणि मग सह्याद्रीचा उमाळा आला. मी राहायला गेलो तेव्हा हॉलमध्ये ताईच्या तुळशीपेक्षा उंच तिवई उभी होती.

"पाणी रेशमासारखं यायला हवं," दाजी मला समजावत होते. "शटर सेकंदभर उघडं ठेवायचं. पण उन्हात एवढा वेळ उघडं ठेवलं की फोटो पांढराफटक. म्हणून पहाट."

"इतक्या पहाटे दुधाची पिशवी आणायला कधी उठला नाहीत," ताई आतून म्हणाली.

सराव गच्चीवर चाले. शेजारच्या चाचाजींची पाण्याची टाकी रोज सकाळी भरून वाहायची आणि ती धार कोवळ्या उजेडात खरंच देखणी दिसायची. दाजी तिवई रोवून, डोळा लावून, तासभर त्या धारेचे फोटो काढायचे. एके दिवशी दारावर चाचाजी. हातात गरम खस्त्यांचा पुडा, चेहरा पडलेला. "भाईसाहब, फोटो ऊपर मत भेजिएगा. बॉल कॉक आज ही बदलवा देंगे." संध्याकाळपर्यंत बदललाही. सरोजिनी नगरातला एकमेव धबधबा असा कायमचा बंद पडला. खस्ते मात्र उत्तम होते.

आता खरा शोधणं आलं. उत्तर प्रदेशात पाण्याला उंचावरून पडायचं असेल तर त्याला दक्षिणेला विंध्याच्या कडेला जावं लागतं: मिर्झापूर, सोनभद्र, चंदौली. दाजींनी चंदौलीतलं चंद्रप्रभा अभयारण्य निवडलं. तिथे राजदरी आणि देवदरी असे दोन धबधबे जवळजवळ आहेत. लखनौपासून अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. बेताचं नाव त्यांनी ठेवलं 'छोटीशी मॉर्निंग हाइक'.

रात्रीचा मुक्काम बनारसला, ब्रह्मघाटाजवळच्या जुन्या मराठी वस्तीत, दाजींच्या आत्याबाईंकडे. चंद्रप्रभा नदी पुढे कर्मनाशेला मिळते हे कळल्यावर आत्याबाईंनी जेवता जेवता बजावलं, "त्या पाण्याला हात लावू नका रे. कर्मनाशेच्या पाण्याने पुण्य नाहीसं होतं."

"आत्या, आधी साठलेलं असावं लागतं," दाजी म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पोळी घेतली.

अंधारातच निघालो. गंगा ओलांडून चकियाची वाट धरली. लखनौहून बरोबर आलेल्या ड्रायव्हरला या भागाचा एकच संदर्भ ठाऊक होता, दूरदर्शनवरची 'चंद्रकांता'. ज्यांच्या कादंबरीवरून ती मालिका निघाली त्या देवकीनंदन खत्रींनी चकिया-नौगढच्या या जंगलात ठेकेदारी केली होती आणि १८८८ साली ती कादंबरी लिहिली. ड्रायव्हरला खत्री माहीत नव्हते, पण प्रत्येक वळणावर त्याला क्रूरसिंह दिसत होता.

सिंह मात्र इथे खरोखरच होते. १९५७ साली अभयारण्य झालं तेव्हा गीरहून एक नर आणि दोन माद्या आणून सोडल्या होत्या. वाढून अकरा झाले आणि मग नाहीसे झाले. दाजींनी जपून पहारेकऱ्याला विचारलं, "सिंह आहेत का?" तो म्हणाला, "थे." एका अक्षरात अभयारण्याचा इतिहास संपवणारा असा माणूस आपल्या पाठ्यपुस्तक मंडळावर हवा.

गाडी सोडल्यावरची हाइक काही मिनिटांत संपली. शेवाळलेल्या उतारावर ड्रायव्हर थांबला, अदबीने झुकला आणि म्हणाला, "पहले आप." लखनौचा तो जगप्रसिद्ध शिष्टाचार निसरड्या दगडावर जितका उपयोगी पडतो तितका इतर कुठेही पडत नसेल.

समोर राजदरी. काळ्या कातळाच्या टप्प्याटप्प्यांवरून उतरणारं गढूळ, भरलेलं पाणी. दाजींनी तिवईचे पाय फाकवले, काचेवरचे तुषार मलमलीने पुसले, पुन्हा उडाले, पुन्हा पुसले. मग पोलरायझर हळूहळू फिरवला आणि मला भिंगातून बघायला लावलं. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी विरत गेली आणि खालचा हिरवा रंग वर आला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाचं पहाटे उठवणं माफ केलं. आयएसओ १००, एफ ११, एक सेकंद. बोटाचा धक्काही लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

टायमर लागला आणि चौकटीत लाल गमछा नेसलेले एक गृहस्थ अवतरले. खरं तर सेकंदाच्या फोटोत चालता माणूस धुरकट होऊन जवळजवळ पुसला जातो. पण समोर फोटो निघतोय हे पाहून गृहस्थांनी सभ्यपणे श्वास रोखला आणि खांब झाले. पाणी रेशमी, आणि मधोमध गृहस्थ मिशीच्या केसापर्यंत स्पष्ट. "ठीक से आया?" त्यांनी विचारलं. शंका नको म्हणून तसेच उभे राहिले.

त्यांच्यामागून त्यांचं खानदान आलं. कणकेची परात, वांगी, बटाटे, गोवऱ्यांचं पोतं. या भागात पावसाळ्यात धबधब्याला जायचं ते बाटी-चोखा करायला. गोवऱ्या पेटल्या, धूर दरीवर पसरला आणि दाजींनी हताशपणे शेवटचे काही फोटो काढले. पुढे सरोजिनी नगरात त्यांतल्याच एका फोटोतलं 'पहाटेचं धुकं' पाहून चाचाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही धुक्यावर काही बोललो नाही. वांगं भाजल्याचा वास फोटोत येत नाही हे बरं.

जाणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबर गाठा, उन्हाळ्यात नुसता कातळ असतो. डोहात उतरू नका, वर पाऊस झाला की पाणी खाली न सांगता वाढतं. रविवार टाळा. टाळता येत नसेल तर तिवई घरी ठेवा आणि साजूक तूप न्या. बाटी ते लोक देतातच.